मडगार्डवरून माणूस

"साहेब, ह्यो माजा बा," असं म्हणत लक्षुंबाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला, आणि मी ओरडलो, "फेनोमेन ग्रानिट!"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना घेऊन आलेले शिरगण्याचे सरपंच भानुदास फडतरे मात्र खुर्चीत एकदम ताठ झाले. हे लष्करातलं काहीतरी मोठं पद असणार अशी त्यांची समजूत झाली असावी.

"म्हंजी वो काय?" बाईंनी विचारलं.

"हा ट्रक! जर्मन आहे. दीड टनी. फार थोडे बनले, त्यातले फार थोडे उरले. याच्या इंजिनाला पाणी लागत नाही, हवेनेच थंड होतं. हे बघा, रेडिएटरचं टोपण कुठे दिसतंय का?"

बाईंनी वाकून बघितलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. अख्ख्या साताऱ्यात मला इतक्या गांभीर्याने उत्तर देणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं, त्यामुळे मी आणखी चेकाळलो.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालातली. तेव्हा मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी एकतीस वर्षं मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. अपघात झाला की घाटात उतरायचं, चेंबलेल्या लोखंडाचे फोटो काढायचे आणि अहवाल लिहायचा. धड गाडी माझ्या वाट्याला क्वचितच आली. त्यामुळे अर्ध्या मडगार्डवरून किंवा मोडक्या बिजागरीवरून गाडी ओळखायची सवय लागली. निवृत्तीनंतर मुलाने घरी इंटरनेट घेऊन दिलं आणि त्या सवयीला मोकळं रान मिळालं. जुन्या फोटोंतल्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जर्मन लष्करी गाड्या ओळखणारी एक मंडळी मला तिथे सापडली. कोणीतरी धुरकट फोटो टाकायचा आणि जगभरच्या म्हाताऱ्यांनी भिंग घेऊन तुटून पडायचं. साधी ट्रक-मोटार कोणीही ओळखेल. मान होता तो कोणी न ऐकलेल्या गाडीला. त्या मंडळींत मी "सातारा" या नावाने वावरत होतो आणि माझ्या खात्यावर तोवर अकरा ओळखी जमा होत्या.

माझी बायको कुमुद याला "जर्मनांचं बारसं" म्हणायची. त्याच वर्षी मी मंडईबाहेर दुसऱ्याच कोणाच्या स्कूटरला दहा मिनिटं किका मारत बसलो होतो. कोणीही पाहुणा आला की चहाबरोबर ही हकिगत ती आवर्जून वाढत असे.

तर, समोर फेनोमेन ग्रानिट. फोटो पोस्टकार्डाहून लहान, कडा कातरलेल्या. ट्रकचं बॉनेट, डाव्या बाजूचं मडगार्ड, उघड्या खिडकीची केबिन आणि बंपरवर पाटी, तिच्यावर स्पष्ट दोन अक्षरं: डब्ल्यू एच. म्हणजे जर्मन भूदल. पुढे मडगार्डवर हात ठेवून एक माणूस उभा होता. खरं सांगायचं तर त्याचा मला रागच आला, कारण त्याने नेमकं पुढचं चाक झाकलं होतं.

तोच लक्षुंबाईंचा बाप. बयाजी फडतरे. चाळीस साली लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाला. बेचाळीसमध्ये आफ्रिकेच्या वाळवंटात पकडला गेला. इटलीत कैदेत असल्याचं एक पत्र घरी आलं आणि पुढे दोन वर्षं काहीच आलं नाही. शेहेचाळीसमध्ये तो एक पेटी घेऊन परत आला. पेटीत हा फोटो होता. फोटोबद्दल तो कधी फारसं बोलला नाही. लक्षुंबाईंचा जन्म अठ्ठेचाळीस सालचा. आता बाप जाऊनही अठ्ठावीस वर्षं झाली होती.

"बा एवडंच म्हनायचा," बाई म्हणाल्या, "की तिकडं बी म्या गुरंच राखली. गुरं आन् कोंबड्या."

"आत्ती," भानुदास म्हणाले, "ते तसंच सांगावं लागायचं. इंग्रजांचं राज्य होतं तवा. गुपित ठेवायचं असतं." मग माझ्याकडे वळून त्यांनी मुद्दा मांडला. शेजारच्या गावाला हुतात्म्याच्या नावाची कमान होती. शिरगण्याला साधी बसथांब्याची शेडही नव्हती. गावातून लष्करात गेलेले साठ जण, पण सांगण्यासारखं एकाचंही नाव नाही. "जर्मनीत आझाद हिंदची फौज होती म्हणे. कैद्यांमधनंच उभी केलेली. आमचा बयाजीआजा त्यातला असंल का, एवढं बघा."

मी खुर्ची मागे सारली. भिंगातून पुन्हा पाहिलं. आधी गप्प राहायचं आणि मग बोलायचं, ही अहवाल देण्याची माझी जुनी पद्धत.

"गाडी जर्मन लष्कराची," मी म्हणालो. "त्या फौजेतली एक तुकडी चव्वेचाळीसमध्ये इटलीत आली होती, हे मी वाचलंय. आणि हा हात बघा. परक्या गाडीवर कोणी असा हात ठेवत नाही. हा ड्रायव्हरचा हात आहे."

"पर अंगावं मिलिटरीचं कापडं न्हाईत," लक्षुंबाई म्हणाल्या.

"ड्यूटी संपल्यानंतरचा वेष," मी म्हणालो.

भानुदास उभेच राहिले. "म्हणजे आझाद हिंद!"

"शक्यता आहे," मी म्हणालो. पण ज्या आवाजात म्हणालो, त्या आवाजात न्यायाधीश निकाल सांगतात.

लक्षुंबाईंनी दोनदा काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं. एकदा भानुदासांनी त्यांना थांबवलं, एकदा मी. मी तेव्हा केबिनच्या बिजागरीबद्दल सांगत होतो.

फोटो स्कॅन करून मी तो त्यांना परत दिला. पुढचा आठवडा मी त्या स्कॅनमध्ये बुडालो होतो. मंडळींसाठी पाठवायचा तर माणसाचा काय उपयोग? बयाजींना कापून मी फक्त गाडी ठेवली. चोवीस जणांनी शाबासकी दिली. भानुदासांना मोठ्या फ्लेक्ससाठी माणसासकट हवा होता. तो मी हौसेने स्वच्छ करून दिला. खालची पट्टी रिकामी, उगाच वाटली, ती कापली. ठिपके काढले, चिरा बुजवल्या. केबिनच्या खिडकीत एक पांढुरका डाग होता, तोही घासून घासून पुसला.

"अहो, ती कोंबडी आहे," मागून कुमुद म्हणाली.

"काचेवरचं प्रतिबिंब आहे."

"खिडकी उघडी आहे म्हणालात ना?"

मी तिला चहा ठेवायला सांगितलं.

याशिवाय मी लेटरहेडवर दोन पानी अहवाल लिहून दिला. कोणी मागितला नव्हता. "उपलब्ध तांत्रिक पुराव्यांवरून असे निःसंदिग्धपणे दिसते की," अशी त्याची सुरुवात होती. त्या "निःसंदिग्धपणे"वर मी विशेष खूश होतो.

भानुदासांनी कामाचा सपाटा लावला. कोणी सिमेंट दिलं, कोणी सळ्या दिल्या आणि कमान उभी राहिली. तेवीस जानेवारीला उद्घाटन ठरलं. आमदार येणार होते. पत्रिकेत माझ्या नावापुढे "आंतरराष्ट्रीय वाहनतज्ज्ञ" असं छापलं होतं. मी ती पत्रिका कुमुदला दिसेल अशी टेबलावर ठेवली. ती तिच्यावरच कोथिंबीर निवडत बसली.

कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना यारोस्लावचा निरोप आला. यारोस्लाव झेक देशातला, रेल्वेच्या सिग्नलवरून निवृत्त झालेला. ग्रानिट गाड्यांवर लेख लिहीत होता. "फोटो अख्खा पाठव. कापू नकोस, साफ करू नकोस," त्याने लिहिलं होतं. मी मूळ स्कॅन पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं.

"मित्रा सातारा, तुझी ओळख पक्की. ग्रानिटच आहे, अभिनंदन. पण ही गाडी आता कोणाचीच नाही. त्या माणसाच्या पायांमधून खाली बघ. चाकं नाहीत. आस दगडांवर टेकवला आहे. मडगार्डखाली गवत वाढलंय. पायाशी दोन पिल्लं आहेत, आणि माझी नजर दगा देत नसेल तर केबिनमध्ये एक कोंबडी बसली आहे. जर्मन मागे हटताना मोडक्या गाड्या अशाच टाकून गेले. शेतकऱ्यांनी त्यांची खुराडी केली. इटलीने हात टेकले तेव्हा कैद्यांच्या छावण्यांवरचे पहारेकरी पळाले, कैदीही बाहेर पडले. कितीतरी जणांना खेड्यातल्या लोकांनी घरात लपवलं. तुझा माणूस सैनिकाच्या कपड्यांत नाही. मला तर तो त्या कोंबड्यांचा राखणदार दिसतो."

मी मूळ स्कॅन उघडला आणि खालची पट्टी मोठी केली. दगड एकावर एक, व्यवस्थित रचलेले. चाकं काढून नेलेल्या गाड्यांचे सर्व्हे मी आयुष्यात शेकड्यांनी केले असतील. अशी गाडी मला शंभर फुटांवरून ओळखू येते, अशी माझी बढाई होती. इथे ती माझ्या नाकासमोर होती आणि मी तिला ड्रायव्हर लावून दिला होता.

कुमुद मागे येऊन उभी राहिली. तिने कोंबडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने केलेला हा सर्वात कठोर अपमान.

त्याच दिवशी दुपारच्या एसटीने मी शिरगण्याला गेलो. भानुदास कमानीखाली उभे होते. पेंटर शिडीवर होता. "आझाद हिंद वीर" एवढं रंगवून झालं होतं आणि तो "बयाजी"च्या "ब"वर आला होता.

"भानुदासराव, जरा घोटाळा झालाय," मी म्हणालो. "फोटोत कोंबडी निघाली."

"कोंबडी म्हणजे?"

"कोंबडी. अंडी घालते ती."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग शिडीकडे बोट केलं. "साहेब, एका कोंबडीपायी कमान पाडायची का? तेवीसला आमदार येत्यात. आणि लेटरहेडवर लिहून तुम्हीच दिलंय. निः... काय ते?"

"निःसंदिग्धपणे."

"हां. ते मला वाचता बी आलं नव्हतं, तरी मी इश्वास ठेवला." ते जवळ आले, आवाज खाली आणला. "कार्यक्रम होऊ द्या. मग सावकाश म्हणू, संशोधन चालू आहे."

मला खरं तर भांडायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आपण सांगायचं काम केलं, आता आपली जबाबदारी संपली, असं मी स्वतःला बजावलं. लक्षुंबाईंचं घर तिथून दोन आळ्यांवर होतं. मी गेलो नाही. तीन वाजताची एसटी चुकली असती, असं मी कुमुदला सांगितलं. शिरगण्याहून चार वाजताही एसटी होती.

तेवीस तारखेला आम्ही दोघं गेलो. मला फेटा बांधला. माझं डोकं लहान, फेटा दर दोन मिनिटांनी भुवयांवर यायचा. मागे दहा फुटी फ्लेक्स: बयाजी फडतरे, चकचकीत फेनोमेन ग्रानिटच्या मडगार्डवर हात ठेवून. खिडकी निर्मळ. खालच्या पट्टीचा मागमूस नाही. इतकं सफाईदार काम झालं होतं की लाज वाटत असतानाही मी क्षणभर ते कौतुकाने न्याहाळलं.

मी घरून ठरवून आलो होतो. माईक हातात आला की पहिलं वाक्य खरं बोलायचं. माझं नाव पुकारलं. मी उठलो. समोर सगळं गाव, शाळेची पोरं रांगेत, पहिल्या ओळीत आमदार, आणि व्यासपीठाच्या कडेला नव्या लुगड्यात अवघडून बसलेल्या लक्षुंबाई. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांवर माझाच आवाज आला: "या गाडीचं वैशिष्ट्य असं की हिच्या इंजिनाला पाणी अजिबात लागत नाही."

गावाला डिसेंबरपासून टँकर सुरू झाला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्यांनी माझी वाट लावली. मी दहा मिनिटं हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर बोललो आणि खाली बसलो. कुमुद दुसऱ्या रांगेत होती. ती दूर डोंगराकडे बघत होती.

मग भानुदासांनी "वीरकन्या" म्हणून लक्षुंबाईंना बोलावलं. बाईंनी माईक धरायला नकार दिला. मग कोणीतरी तो त्यांच्या तोंडासमोर धरला.

"मला बोलाय येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर ह्ये बरुबर न्हाई चाललं. माजा बा लढाय गेला हुता, ह्ये खरं. वाळवंटात घावला. तुरुंगात टाकला. येक दिस तुरुंगावरचं शिपाई पळालं, मग ह्ये बी निघालं. डोंगरानं चालत ऱ्हायला. पायात कायसुदीक न्हवतं. येका शेतकऱ्यानं घरात घेतला. जर्मन आलं की गवतात दडवायचा. घावला आसता तर त्या मान्साचं घर जाळलं आसतं. तरी बी ठिवला. सव्वा वरीस. बा त्यांची गुरं राखायचा, कोंबड्या राखायचा. ह्ये त्यानं मला सांगितलंय. आमी जळान आनाय जायचो तवा. दोन-तीनदाच बोलला, पर सांगितलंय."

बाईंनी पदर सावरला.

"कमान बांदा, न्हाईतर नगा बांदू. पर माजा बा कदी खोटं बोलला न्हाई. तुमी त्याला मेल्यावर खोटा पाडाय लागलाय. आन् ह्येच्यात कोन वीर आसंलच, तर त्यो शेतकरी. त्याचं नाव मला ठाव न्हाई. बाला ठाव हुतं, म्या इच्यारलं न्हाई."

भानुदास हसत पुढे झाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "आत्ती आमची भोळी हाय. तिला कुणी काय सांगितलंच न्हाई. तांत्रिक पुरावा हाय मंडळी. आगाशेसाहेब बसल्यात हितं, ते सांगतील!" आणि त्यांनी माईक माझ्या हातात कोंबला.

मी उठलो. फेटा डोळ्यांवर आला. तो मी काढून खुर्चीवर ठेवला. नंतर कुमुद म्हणाली की त्यामुळे मी निदान माणसासारखा दिसायला लागलो.

"बाईंचं बरोबर आहे," मी म्हणालो.

आवाज मंडपभर घुमला. आमदारांनी फोन खिशात ठेवला.

"ही गाडी मी ओळखली, ती बरोबर ओळखली. बाकी सगळं चुकलं. ही गाडी बंद पडलेली आहे. हिला चाकं नाहीत, दगडांवर उभी आहे. बयाजी फडतरे हिचे ड्रायव्हर नव्हते. हिच्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. मूळ फोटोत, इथे, या खिडकीत," मी फ्लेक्सकडे वळून बोट ठेवलं, "एक कोंबडी आहे."

"कुठाय?" पोरांतून कोणीतरी ओरडलं.

"मी पुसली," मी म्हणालो.

आधी शाळेची पोरं हसली. मग बायका. मग आमदार असे हसले की त्यांच्या मांडीवरचा नारळ गडगडत व्यासपीठाखाली गेला. सगळा मंडप हसत होता आणि मी माईक धरून उभा होतो. इतकं मनापासून मला आयुष्यात कोणी ऐकलं नसेल. हसू ओसरलं तेव्हा मी पुढे म्हणालो, "मला हे तीन दिवसांपासून माहीत होतं. मघाशीच सांगायला हवं होतं. बाईंनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांची माफी मागतो." त्यावर कोणी हसलं नाही.

कमानीचं उद्घाटन झालं. आमदार आले होते, फीत आणली होती, कापणं भाग होतं. भाषणात ते म्हणाले, अनवाणी डोंगर ओलांडून घरी परतलेल्या माणसाचं नाव कमानीला असायला काहीच हरकत नाही. ती एक ओळच भानुदासांच्या कामी आली. पुढच्या आठवड्यात "आझाद हिंद वीर" यावर चुना फिरला, "बयाजी फडतरे प्रवेशद्वार" तसंच राहिलं. भानुदास वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा त्यांच्या जीपचा अपघात झाला आणि कागदपत्रं दाखवायला ते माझ्याचकडे आले. शिरगण्यात मला अजूनही कोंबडीसाहेब म्हणतात. यारोस्लावला मी सगळं कळवलं. त्याने मंडळींना सांगितलं. माझ्या बाराव्या ओळखीपुढे कोणीतरी कोंबडीचं चित्र लावलं, ते अजून तिथेच आहे.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच दुपारचं.

कार्यक्रम संपल्यावर लक्षुंबाई आम्हाला घरी घेऊन गेल्या. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. कुमुदला पाट दिला, मला खाटेवर बसवलं, चहा केला. मग आतून ती प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि फोटो माझ्या हातात दिला.

"मला गाडीचं काय न्हवतं साहेब," त्या म्हणाल्या. "तवा बी न्हवतं. मला निराळंच इच्यारायचं हुतं. तुमी इच्यारूच दिलं न्हाई."

"आता विचारा."

त्यांनी फोटोच्या अगदी खालच्या कडेला बोट ठेवलं. पिल्लांच्याही पुढे, जमिनीवर, एक लांब सावली पडली होती. तिचं टोक बयाजींच्या पायांपर्यंत पोचत होतं.

"ही फोटू काडनाऱ्याची सावली ना?"

"हो."

"बाईची का बाप्याची?"

मी कुमुदकडे पाहिलं. ती कपातल्या चहाकडे बघत होती.

"बा न्हवता तवा," लक्षुंबाई सांगू लागल्या, "आयला लोकं म्हनायची, कुकू पूस. तिनं पुसलं न्हाई. मग ह्यो आला. मग बायका पान्यावर म्हनाय लागल्या, त्यानं तिकडं गोरी बाई केली हुती, म्हून यवडा उशीर. आयनं कदी त्याला इच्यारलं न्हाई. शेवटपतूर न्हाई. फोटू मातर पेटीत तिनंच जपला. सनाला पेटी उगडायची, बगायची, परत ठिवायची. म्या लहान हुते तवापासनं ही सावली बगत आले. तुमाला गाडीचं टोपान नसल्यालं दिसतं. म्हून म्हनलं, तुमाला इच्यारावं."

मी खिशातून भिंग काढलं. ते घरून आणायचं काहीच कारण नव्हतं, पण मी ते बारशालाही नेतो. सावलीची कड निरखली. कंबरेखाली घेर होता. गुडघ्याखाली झालर सरळ कापल्यासारखी संपली होती. डोक्याला रुमाल बांधलेला, हनुवटीखाली त्याची गाठ. दोन्ही कोपरं वर, कॅमेरा धरलेली. बिजागरीवरून गाडी ओळखणाऱ्याला याहून जास्त काय लागतं? मी भिंग डोळ्याला लावून उगाचच वेळ काढत राहिलो. "सांगता येत नाही" म्हणणं सोपं होतं. पण मंडपात तासाभरापूर्वी जे बोललो होतो, त्यानंतर ते जमेना.

"बाईची आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. त्यांना माहीत होतं. फक्त आणखी कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कोण होती, काय होती, ते यावरून कळत नाही," मी घाईने म्हणालो. "त्या शेतकऱ्याची बायको असेल. आई असेल. बहीण..."

"आसंल," त्या म्हणाल्या. "आता बाच्या तोंडाकडं बगा."

तीन महिने त्या फोटोचा स्कॅन माझ्याकडे होता. मी त्यातला आस, फटी, पाटी, टोपण नसणं, सगळं पाहिलं होतं. बयाजी फडतऱ्यांच्या चेहऱ्यावर मी भिंग पहिल्यांदाच नेलं. माणूस हसत होता. फोटोसाठी हसतात तसा नव्हे. डोळे मिटत आलेले, मान एका बाजूला गेलेली, सगळे दात दिसताहेत. समोरून कोणीतरी काहीतरी बोललं असावं आणि त्याला उभं राहणं मुश्कील झालं असावं. मडगार्डवर हात होता तो त्यासाठी.

"घरात त्यो कदी हासला न्हाई," लक्षुंबाई म्हणाल्या. "वंगाळ न्हवता. मारलं न्हाई, दारू न्हाई. पर हासू न्हाई. ल्हानपनी मला वाटायचं, त्याला दातच न्हाईत." त्या स्वतःच थोडं हसल्या. "मला ह्यो मोटा करून द्या साहेब. भितीवं लावती."

"देतो," मी म्हणालो. "उद्याच देतो. अख्खा." आणि काहीतरी भरपाई करावी म्हणून, माझ्या अंगात मुरलेली ती खोड पुन्हा वर आली. "हवं असेल तर... ती सावली मला काढून टाकता येईल. कळणारसुद्धा नाही."

कुमुदने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ही बोलणार. पण लक्षुंबाईच बोलल्या. त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला, आणि आपण लहान मुलाला समजावतो तशा आवाजात म्हणाल्या,

"ती काडू नगा. मग त्यो कुनाकडं बगून हासतूय?"